तुरीची वाट

१

आता पूल झालाय. गाड्या भुर्रकन पलीकडे जातात, आणि नदी गोठली की वितळली याची कुणाला फिकीर नसते. मी सांगतेय ती गोष्ट पुलाच्या आधीची. तेव्हा अर्खांगेल्स्कहून समोरच्या बेटावर जायचं तर हिवाळाभर गोठलेल्या द्विना नदीवरून चालत जावं लागे, आणि ती वाट आखायचं काम माझं होतं. एकोणीस वर्षं केलं मी ते. आधी माझ्या आजोबांचं होतं, मग एका मामाचं, मग माझं.

काम साधं. नवं वर्ष उलटलं की लोक घरात सजवलेली फरची झाडं बाहेर काढतात. ती कचऱ्यात न टाकता काठावर माझ्या ढिगात आणून टाकायची, अशी आमच्याकडची रीत. मी पहारीने बर्फात भोक पाडायचे, झाड उभं करायचे, बुडाशी बादलीभर पाणी ओतायचे. तासाभरात ते असं घट्ट धरायचं की चार माणसांना हलू नये. दर वीस पावलांवर एक, अशी एकशे बारा झाडं. धुकं असो नाहीतर हिमवादळ, माणूस एका झाडापासून दुसऱ्या झाडापर्यंत बघत बघत घरी पोचायचा.

झाडं उभी म्हणजे वाट उघडी. झाडं काढली की वाट बंद. मग बर्फ कंबरभर जाड का असेना, झाड नाही तिथे आमच्याकडचं शेंबडं पोरही पाऊल टाकत नाही. हे कुणी शिकवत नाही, चालायला येतं तेव्हाच येतं.

माझं विचाराल तर आमचं शहर सुंदर दिसतं ते हिवाळा सरता सरता. ऐन थंडीत कसलं सौंदर्य? तेव्हा दिवसच चार तासांचा. पण फेब्रुवारी संपत आला की सूर्य परत येतो आणि चांगला दुपारभर मुक्काम करतो. छपरांवरून थेंब गळायला लागतात. दुपारी वितळलेला बर्फ सकाळी पुन्हा धरतो, त्यावर कडक कवच येतं, आणि त्या कवचावरून पाऊल न उमटवता कुठेही चालत जाता येतं. बायका सतरंज्या बर्फावर उलट्या घालून धोपटतात. म्हातारी माणसं दक्षिणेकडच्या भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून नुसती उभी असतात. सावल्या निळ्या पडतात. जीव कसा हलका होतो माझा, अजूनही होतो.

त्या वर्षी असाच एक दिवस होता. मी साठाव्या झाडापाशी एक फांदी नीट करायला थांबले, सहज डावीकडे पाहिलं, आणि दूर नदीच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला.

मासे धरणारा कुणीतरी असेल, म्हटलं. बसतात भोक पाडून दिवसदिवसभर. संध्याकाळी परतताना तो तिथेच होता. दुसऱ्या दिवशी सकाळीही.

२

मी गेले बघायला. चांगली दहा-बारा मिनिटांची चाल. जवळ गेल्यावर कळलं, माणूस नव्हता. फरचं झाड होतं.

बुडाशी भोक पाडून पाणी ओतलेलं, अगदी माझ्यासारखं. पण माझी झाडं तोवर वाळून तांबडी झालेली असतात, आणि हे हिरवंगार. हात लावला तर चीक लागला. खोड करवतीने कापलेलं नव्हतं, कुऱ्हाडीने तोडलेलं होतं. एका फांदीला लाल लोकरीच्या धाग्याने एक अक्रोड बांधला होता, सोनेरी कागदात गुंडाळलेला.

आणि त्याच्या मागे दुसरं झाड होतं. त्यामागे तिसरं. अशी रांग लागली होती, पार खालच्या अंगाला, तुरीकडे.

तुरी म्हणजे नदीतलं एक उघडं बेट. आता तिथे वाळू आणि वाळकं गवत, बाकी काही नाही. माझ्या आठवणीत तिथे कधी घर नव्हतं, वाट तर नव्हतीच नव्हती.

मी अक्रोड सोडवून खिशात टाकला आणि तरातरा परत आले. काठावर आमची एक खोली होती, बचावचौकी म्हणायचे तिला. तिथे अर्कादी बसायचा. बर्फातून कुणी आत गेलं तर दोर आणि शिडी घेऊन धावायचं, ही त्याची नेमणूक. तेवीस वर्षांत चारदा धावला. उरलेला वेळ शेगडीशेजारी बसून मला सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस, पण मनाचा निर्मळ.

"अर्कादी, तुरीकडे वाट कुणी आखलीय?"

"तुरीकडे? तिथे काय कावळ्यांची जत्रा आहे?"

"थट्टा नको. पस्तीस झाडं मोजली मी. ताजी."

"मग तूच लावली असशील. वय झालं तुझं, रिम्माबाई."

"माझं वय झालं तर तुझं काय झालं? पस्तीस झाडांना पस्तीस बादल्या पाणी लागतं. ते बर्फावरून ओढायला स्लेज लागते. कुठे बादली टेकल्याची खूण नाही."

"कवच धरलंय बर्फाने. खूण उमटते का त्यावर?" त्याने चहा ओतला. "कॉलेजातली टवाळ पोरं असतील. नाहीतर नद्या मोजणारे असतात ना, मॉस्कोहून येतात, ते. तू नसती भानगड अंगावर घेऊ नकोस."

पटलं मला. पटवून घेतलं, खरं सांगायचं तर. घरी जाऊन आईपुढे अक्रोड ठेवला.

माझी आई कापितोलिना, सगळ्यांची कापामावशी. त्या वर्षी एकोणऐंशी पूर्ण झाली होती. आम्ही दोघीच राहायचो, काठावरच्या लाकडी घरात, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळी नदी दिसायची. आई तिथे बसून बटाटे सोलायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर शेरे मारायची. अमकी बघा कशी बदकासारखी चालते, तमक्याच्या टोपीत उंदराने घर केलंय. जिभेला हाड नव्हतं तिच्या.

तिने अक्रोड कानाशी नेऊन हलवला. आतला गर वाजला.

"कुठे मिळाला?"

"एका झाडाला होता. तुरीकडच्या अंगाला."

तिने तो एप्रनच्या खिशात टाकला. दुसऱ्या दिवशी मी कामावर निघाले तेव्हा तिने खुर्ची फिरवून घेतली होती. माझ्या वाटेकडे तिची पाठ झाली होती, तोंड तुरीकडे.

३

पुढचे दिवस मी मोजत राहिले. रोज चार-पाच झाडं वाढायची, कधी सहा. आणि नवं झाड नेहमी अलीकडच्या टोकाला. म्हणजे वाट शहराकडून तुरीला जात नव्हती. ती तुरीकडून शहराकडे येत होती.

एकदा दोन झाडांमधलं अंतर मी पावलांनी मोजलं. माझी सतरा पावलं भरली. लावणाऱ्याने वीस मोजली असतील तर त्याचं पाऊल माझ्याहून आखूड. मी काही उंच बाई नाही. मग डोक्यात आलं, वीसच मोजली कशावरून? टवाळ पोरांना वीस पावलांचा हिशेब कुठून ठाऊक? मग म्हटलं, असेल कुणाला ठाऊक, शहरातल्या अर्ध्या लोकांना ठाऊक आहे. असं मी स्वतःशीच भांडत होते, आणि दोन्ही बाजूंनी मीच हरत होते.

सगळ्यात वाईट म्हणजे आवाज. सकाळी वारा नसला की द्विनेवर आवाज फार लांबून येतो. मी माझ्या वाटेवर असताना खालच्या अंगाने ठोका ऐकू यायचा. ठक्. ठक्. ठक्. मग थोडं थांबून पुन्हा. पहारीने बर्फ फोडल्याचा आवाज मी एकोणीस वर्षं माझ्याच हातून ऐकलाय. फसणार नाही मी. पण बघावं तर नदी मोकळी. ऊन पडलेलं, बर्फ चमकतोय, चिटपाखरू नाही.

"ऐकलंस?" मी अर्कादीला बाहेर बोलावून विचारलं.

त्याने टोपीचे कान वर केले. बराच वेळ ऐकत राहिला.

"बर्फ तडकतोय," तो म्हणाला. मग आत जाऊन दोर तपासायला बसला. त्या दिवशी त्याने मला एकही टोमणा मारला नाही, आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

मार्चच्या पहिल्या शनिवारी माझ्या साठाव्या झाडापासून त्या रांगेचं टोक चाळीस पावलांवर आलं होतं.

४

त्या संध्याकाळी आई जेवली नाही. बटाट्याच्या शांग्या, म्हणजे वर बटाटा पसरून भाजलेल्या जाड रोट्या, केल्या होत्या मी, तिच्या आवडीच्या. नुसती कडा मोडत बसली.

"रिमे, उद्या लागेल ती तुझ्या वाटेला."

"काय लागेल?"

"तुरीची वाट."

माझ्या अंगावर काटा आला, आणि काटा आला म्हणून राग आला. "आई, तुला काही माहीत असेल तर सरळ सांग. कोड्यात बोलू नकोस."

मग तिने सांगितलं. तिच्या तोंडून इतकी वर्षं एक अक्षर ऐकलं नव्हतं मी.

"तुरीवर तेव्हा गोठा होता. आमची फेन्या तिथे कामाला. माझी थोरली बहीण. नव्या वर्षाच्या झाडाला सोनेरी अक्रोड बांधायची ती."

"ती न्यूमोनियाने गेली ना?"

"असं आम्ही सांगायचो. वसंत आला की गोठ्यावरच्या बायका शहरात यायच्या. त्या वर्षी बाकीच्या आल्या, फेन्या एका गाभण गायीसाठी थांबली. म्हणाली, शेवटच्या वाटेने येते. तुझे आजोबा तापाने फणफणलेले. मला म्हणाले, कापे, आज तुरीची वाट बंद करून ये. वाट कशी बंद करतात ते तुला मी काय सांगू."

मला ठाऊक होतं. आधी टोकापर्यंत जायचं. तिकडच्या दारोदारी 'शेवटची वाट' अशी हाक घालायची. वाटेवर आणि पलीकडे कुणी उरलं नाही ही खात्री झाली की मग परत येताना झाडं काढायची. टोकाला न जाता झाड काढायचं नाही. बाकी कसलीही चूक चालते, ही नाही.

"मी सतरा वर्षांची," आई म्हणाली. "संध्याकाळी गिरणीच्या हॉलमध्ये नाच होता. मी अर्ध्यातूनच फिरले. म्हटलं, फेन्या सकाळीच निघून आली असेल. झाडं काढत काढत आले."

"आणि?"

"दुसऱ्या दिवशी ती दिसली. पलीकडच्या शेवटच्या झाडापाशी उभी. बर्फ चांगला होता गं, घोडागाडी पेलली असती त्याने. पण पुढे झाडं नव्हती ना. ती उभी राहिली. दिवसभर."

"मग लगेच झाडं का नाही लावलीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. "बाबांना सांगावं लागलं असतं ना. अर्ध्यातून फिरले म्हणून. मी खिडकीपासून उठले आणि कुणालाही काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या अंगाने बर्फ फुटून आला, आणि बेटावरून गेला."

मला तिची दया आली आणि तिची चीडही आली. कुणाची बाजू घ्यावी कळेना. मी ताटं उचलली आणि खडसावून सांगितलं, "आई, तू त्या वाटेवर जायचं नाहीस. खाली बर्फ पातळ आहे. कळलं?"

"झाडं उभी आहेत म्हणजे वाट उघडी आहे," आई म्हणाली.

५

सकाळी दाट धुकं होतं. त्या दिवसांत पडतं तसं, दुधाळ, आत कुठेतरी सूर्य आहे असं सांगणारं. आईच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी डोकावले, पांघरुणाचा उंचवटा पाहिला, झोपलीय म्हटलं, कुऱ्हाड आणि पहार स्लेजवर टाकली आणि निघाले.

रांग जोडली गेली होती. शेवटचं झाड माझ्या साठाव्याच्या शेजारीच, हात लांबवला तर लागेल इतक्या जवळ.

मी ठरवूनच आले होते. ही वाट तोडायची. आईच्या मनातलं खूळ जायला दुसरा उपाय नाही. हो, आधी टोकापर्यंत जायला हवं होतं. आलं होतं माझ्या मनात. पण मी स्वतःला म्हटलं, ही काय माझी वाट आहे? मी आखली का? मग नियम कसला? आणि खरं सांगू, त्या धुक्यातून तुरीपर्यंत चालत जायची माझी छाती नव्हती.

अकरा झाडं तोडली. बुडाशी घाव घालायचा, आडवं झालं की स्लेजवर टाकायचं. हिरव्या फांद्यांचा वास हाताला, कपड्यांना, सगळीकडे. अकराव्यानंतर दम लागला. स्लेज भरली होती. मी ती ओढत साठाव्या झाडापाशी परत आले, घाम पुसला, आणि तेवढ्यात ऊन वर आलं.

धुकं हळूहळू वर उचललं गेलं. नदी निळी-पांढरी, स्वच्छ, इतकी सुंदर की कुणालाही थांबून बघावंसं वाटावं. मी वळून पाहिलं.

माझ्या तोडलेल्या बुंध्यांच्या पलीकडे, उभ्या राहिलेल्या पहिल्या झाडापाशी, माझी आई उभी होती. शहराकडे तोंड करून.

६

मी पांघरुणाला हात लावून बघितलं नव्हतं.

धावत सुटले. दहा-बारा पावलं गेले असेन, तोच पायाखालचा बर्फ दबला आणि लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या बुटात पाणी शिरलं. जिथून मी भरलेली स्लेज ओढत आणली होती, त्याच जागी. मागे सरकले. उन्हाने मऊ पडला असेल, म्हटलं. पाच मिनिटांत? पण दुसरं काय म्हणणार?

"आई! तिथेच थांब! हलू नकोस!"

"थांबलेच आहे!" तिचा आवाज स्पष्ट आला, शेजारच्या खोलीतून यावा तसा. "रिमे, झाडं का काढलीस? मी यायची होते अजून."

हे वाक्य मी कधी विसरणार नाही. मी स्लेजकडे धावले. मग स्लेजवरचं एक झाड उचललं, पहिल्या बुंध्याशी नेलं, पहारीने भसाभस बर्फ उकरून त्यात रोवलं. पाण्याची वाट बघायला वेळ नव्हता. पायाने बर्फ दाबला आणि उभी राहिले. त्या झाडाभोवती बर्फ दगडासारखा होता.

मग स्लेज ओढत दुसरं. मग तिसरं. प्रत्येक झाड रोवलं की पुढचा तुकडा घट्ट होत होता. कसा, ते मला विचारू नका. मी बर्फातच आयुष्य काढलंय आणि मला माहीत नाही.

पाचव्या झाडापासून आई मला जरा रुंद वाटली. जाड कोट घातलाय, म्हटलं. आठव्यापासून तिला दोन सावल्या दिसल्या, निळ्या, शेजारीशेजारी. मी मान खाली घालून काम करायला लागले. दहावं रोवून वर पाहिलं तेव्हा तिच्या दंडाला धरून कुणीतरी मागे उभं होतं. ठेंगणी. मान खाली. ओले केस गोठून कपाळावर चिकटलेले, आणि त्याखाली गाल होता. तरुण, अगदी गुळगुळीत. तेवढाच पाहिला मी. पुन्हा नाही पाहिला.

एक झाड उरलं होतं हातात. शेवटची जागा, सतरा पावलांवर आई.

"आई," मी म्हणाले, "मी हे रोवते. पण तू एकटी ये. ऐकलंस? एकटी ये."

आई हसली नाही, रागावलीही नाही. घरात मीठ संपलंय हे सांगावं तशी म्हणाली, "एकटी मी एकदा आलेय, रिमे."

मी झाड धरून उभी होते. कुठेतरी लांब, शहरात, कुणीतरी सतरंजी धोपटत होतं. मला तिथे असायचं होतं. मला लहान व्हायचं होतं. हे झाड न रोवता मागे फिरले असते तर पुढे काय झालं असतं, ते मला पक्कं ठाऊक होतं. मीही घरी जाऊन खिडकीपासून उठले असते आणि कुणाला काही बोलले नसते.

मी झाड रोवलं.

७

आईचा हात हातात आला. थंड, पण तिचाच, बटाटे सोलून खरखरीत झालेला. आम्ही परत निघालो. मी उजवीकडे, आई मधे. आईच्या डावीकडून सारखा एक आवाज येत होता. बाहेर वाळत घातलेले कपडे गोठले की दोरीवर एकमेकांवर आपटून वाजतात, तसा. पावलागणिक. मी समोर बघत होते. एक झाड, मग पुढचं झाड.

"अगं, किती हळू चालतेस," आई मधेच म्हणाली. मी झपाझप चालत होते. ती माझ्याशी बोलत नव्हती.

साठाव्या झाडापासून काठापर्यंत साठ झाडं. ऊन चढलं होतं, छपरं चमकत होती, घंटाघरावर कावळे ओरडत होते. इतकं लख्ख शहर मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आई मान वर करून सगळीकडे बघत होती आणि डावीकडे वाकून काहीबाही सांगत होती. गिरणी आता तिथे नाही. ते उंच आहे ते हॉटेल. हा रस्ता नवा. मी एकदाही तिला गप्प बस म्हणाले नाही.

अर्कादी चौकीच्या पायऱ्यांवर उभा होता. दोर खांद्यावर, शिडी हातात, निघायच्या तयारीत. आम्हाला बघून त्याने शिडी भिंतीला टेकवली. त्याचे ओठ पांढरे पडले होते.

"बर्फावर मागे कुणी राहिलं का?" त्याने विचारलं. कुणी बर्फावरून उतरलं की त्याला विचारावंच लागे.

"नाही," मी म्हणाले. "सगळ्या आल्या."

त्याने टोपी काढली आणि चौकीचं दार उघडून धरलं. मी आत गेले. आई आत आली आणि शेगडीकडे वळली. अर्कादी दार धरून तसाच उभा राहिला, नजर जमिनीवर, जरा बाजूला सरकून. मग त्याने हळूच दार लावलं.